बाझलचा शिमगा

शिमगा हा सण आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून थोडासा अवघडूनच साजरा होतो. पुरणपोळी होते, होळीला नैवेद्य दाखविला जातो, मुलांना बेतानें रंग खेळूं दिला जातो. परंतु बोंब ठोकणें, सोंगें आणणें, गांवांतील बड्या असामींची रेवडी उडविणें, हा जो सणाचा खरा प्राण, तो 'चारचौघांत बरें दिसत नाहीं' म्हणून आपण केव्हांच दाराबाहेर काढला. या व्यवहारांत आपण कांहीं गमावलें काय, हा प्रश्न मला पुण्यांत कधीं पडला नव्हता. तो पडला सन २०२५ च्या फाल्गुनांत, पुण्यापासून सुमारें चार हजार मैलांवर, ऱ्हाइन नदीच्या कांठीं.

रसायनशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मी त्या वेळीं स्वित्झर्लंडमधील बाझल शहरीं एका प्रयोगशाळेंत सहा महिन्यांच्या उमेदवारीस होतें. फ्रान्स व जर्मनी यांच्या सीमांना अगदीं खेटून वसलेलें आणि औषधांच्या कारखानदारीवर श्रीमंत झालेलें हें शहर. माणसें मितभाषी, नियमांचीं पक्कीं; ट्राम एक मिनिट उशिरां आली तर घड्याळाकडे पाहणारीं. दोन महिने झाले तरी नमस्कार-चमत्कारांपलीकडे कोणाशीं फारसें बोलणें झालें नव्हतें. मला काम शिकविणारे साठीच्या घरांतले एक गृहस्थ तेवढे अपवाद. त्यांनीं फेब्रुवारीअखेर मला आणि माझ्या दोघां सोबत्यांना (एक स्पॅनिश मुलगी व एक चेन्नईचा विद्यार्थी) बोलावून मोठ्या गंभीरपणें सांगितलें, "दहा मार्चच्या आठवड्यांत दुसरें कांहीं ठरवूं नका. फासनाख्ट आहे." आम्हांला उत्सवाचा तांब्याचा बिल्लाही त्यांनीं विकत घ्यावयास लावला. स्वतः ते चाळीस वर्षें एका मंडळांत लहान बांसरी वाजवीत होते. "मी तुमच्यासमोरून जाईन," ते म्हणाले, "पण तुम्हीं मला ओळखणार नाहीं, आणि ओळखण्याचा प्रयत्नही करूं नये."

शनिवारीं आम्हीं शहर पाहिलें. ऱ्हाइन ओलांडावयास पूल आहेतच, पण गंमत नावेंत आहे. नदीवर आडवी तार ताणलेली, नाव त्या तारेला दोरानें जोडलेली. नावाड्यानें सुकाणू वळविलें कीं प्रवाहच तिला पैलतीरीं लोटतो. ना यंत्र, ना वल्हें. टेकाडावर तांबड्या दगडाचें जुनें मुख्य देऊळ आहे; १५३६ सालीं या शहरीं वारलेला पंडित इरॅस्मस तेथें चिरविश्रांति घेत आहे. त्याच देवळाच्या ओवऱ्यांत गणिती याकोब बेर्नुली याची स्मृतिशिळा आहे. तिच्यावर त्याचें लाडकें लॉगॅरिथमी वलय कोरावयाचें होतें. पाथरवटानें आर्किमिडीजचें कोरून ठेवलें! बेर्नुली १७०५ सालीं वारला. एवढ्या काटेकोर शहरांत ती चूक तशीच नांदते आहे, हें पाहून मला बाझलविषयीं प्रथमच आपुलकी वाटली.

रविवारीं रात्रीं आगगाडीनें पाव तासाच्या वाटेवरील लीस्टाल या गांवीं गेलों. पाइन लाकडाच्या ढलप्यांचे खराट्याच्या आकाराचे मोठाले जुडगे बांधतात, ते पेटवून खांद्यावर घेतात आणि जुन्या पेठेंतून मिरवणूक निघते. कांहीं जुडग्यांचें वजन शंभर किलोपर्यंत असतें. मागून लोखंडी गाड्यांवर धडधडणाऱ्या होळ्याच ओढून नेतात आणि त्या वेशीच्या कमानीखालून पलीकडे काढतात. ज्वाळा कमानीला चाटतात, बंबवाले पाण्याच्या नळ्या रोखून उभे असतात. आमचा तमिळ मित्र "भोगी, भोगी" म्हणून ओरडला. मीं काय म्हटलें असेल तें वाचकांनीं ताडलेंच असेल.

परंतु खरा उत्सव सोमवारीं पहाटे. तीन वाजल्यापासून आम्हीं गारठ्यांत उभीं. देवळांचे ठोके पडूं लागले आणि ठीक चार वाजतां जुन्या शहरांतील रस्त्यांवरचे सारे दिवे एकदम मालवले. दुकानांच्या खिडक्यासुद्धां काळोख्या. एक हुकूम ऐकूं आला आणि सर्व मंडळांनीं त्याच क्षणीं एकच कूच वाजवावयास घेतली: ताशासारखे खणखणीत ढोल आणि त्यांवर तीक्ष्ण स्वराच्या बांसऱ्या. काळोखांतून माणसांहून उंच, आंतून उजळलेले रंगविलेले कंदील डोलत आले. वाजविणारांच्या डोक्यांवरही लहान कंदील, तोंडांवर मुखवटे. आमच्या विसर्जनाच्या मिरवणुकींत छाती दणाणते. येथें अंगावर कांटा आला. गर्दी हजारोंची, पण ओरडा कोठेंच नाहीं.

नंतर लोक खानावळींत शिरून भाजलेल्या पिठाचें सूप पितात. चौकशी केली तेव्हां त्यांत गोमांसाचा अर्क असल्याचें कळलें. मग मीं चीजची वडी आणि जिऱ्यासारखे दाणे लावलेला एक खुसखुशीत पाव यांवर भागविलें. शाकाहारी मुलामुलींनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

तेथून पुढें बहात्तर तास शहर मुखवट्यांच्या ताब्यांत असतें. प्रत्येक मंडळ वर्षांतील एखादें प्रकरण निवडून त्याची टर उडवितें. कंदिलावर चित्रें तीं, पोषाख तसाच, आणि वाटलेल्या रंगीत कागदांच्या लांब पट्ट्यांवर बोलीभाषेंतील पद्येंही त्याचींच. रात्रीं शाहीर खानावळींतून हिंडतात. एकेक चित्र वर धरून चार ओळी म्हणतात, आणि शेवटच्या शब्दावर खसखस पिकते. मंत्री, नगरपिते, मोठ्या कंपन्या, शेजारचें झुरिक शहर, कोणी सुटत नाहीं. बोली आम्हांला कळेना. शेजारच्या बाई अर्थ सांगूं लागत, पण सांगतां सांगतां त्यांनाच हसूं आवरेना!

मला मौज वाटली ती या मोकळिकीला बांधलेल्या कुंपणाची. मुखवटा केवळ भाग घेणारानें घालावयाचा. प्रेक्षकानें सोंग घेऊन येणें हा गांवंढळपणा. उधळावयाच्या कागदी टिकल्या एका वेळीं एकाच रंगाच्या असाव्या. मिश्र रंग म्हणजे जमिनीवरून वेंचलेल्या, असा संशय. बिल्ला न लावणाराच्या कॉलरमध्यें मूठभर टिकल्या कोंबल्या जातात. आणि हे सारे उपद्व्याप करणारे कोण, तर एरवीं पेढींत बसणारे, शाळेंत शिकविणारे, प्रयोगशाळेंत मोजमाप करणारे प्रतिष्ठित लोक. ते महिनेन् महिने तालमी करतात. आपल्याकडे प्रतिष्ठितांनीं शिमग्याकडे पाठ फिरविली आणि मग तो ओंगळ झाला अशी तक्रार केली. बाझलकरांनीं त्यांत उभें राहून त्याला शिस्त लावली. अर्थात् त्यांचेंही सारेंच वाखाणण्याजोगें नाहीं. पुष्कळ जुनीं मंडळें दीर्घकाळ केवळ पुरुषांचींच होतीं.

या उत्सवाचा जुना उल्लेख १३७६ सालचा, आणि तोही दंग्याचा: सरदारांच्या खेळांवरून नागरिक खवळले व रक्तपात झाला. १५२९ मध्यें शहर प्रॉटेस्टंट झालें, धर्मोपदेशकांनीं नाकें मुरडलीं, तरी सण टिकला. २०१७ सालीं युनेस्कोनें त्याला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत स्थान दिलें. २०२० मध्यें मात्र साथीमुळें सरकारी मनाई आली ती प्रारंभाच्या अवघे तीन दिवस आधीं. कंदील रंगवून तयार होते. त्या पहाटे चार वाजतां आमचे गृहस्थ आपल्या स्वयंपाकघरांतला दिवा मालवून कांहीं वेळ नुसते उभे राहिले होते. हें सांगतांना त्यांचा आवाज बदलला.

मंगळवार मुलांचा आणि मुद्दाम बेसूर वाजविणाऱ्या पितळी वाद्यांचा. बुधवारीं दुपारीं गर्दींतून एक लांब नाकाचा मुखवटा थेट माझ्यापुढें आला, हातावर मिमोझाच्या पिवळ्या फुलांची डहाळी ठेवली, लवून नमस्कार केला आणि निघून गेला. बगलेंत बांसरी होती. गुरुवारीं पहाटे चारला सारें थांबलें. आठाला मी कामावर हजर. "काल तुम्हींच ना?" मीं विचारलें. "काल? काल मी घरीं होतों," असें म्हणून त्यांनीं मला तराजू स्वच्छ करावयास सांगितला.

त्याच सायंकाळीं पुण्यांत होळी होती. मीं आजीला फोन लावला आणि सारी हकीकत सांगितली. तिचें माहेर रत्नागिरीकडचें. तिच्या लहानपणीं पालखीबरोबर संकासुर व गोमू दारीं नाचावयास येत, आणि मुलींना माळ्याच्या खिडकींतूनच पाहण्याची परवानगी असे. "आणि तीं गाणीं, आजी?" मीं विचारलें. ती कांहीं वेळ गप्प राहिली. मग बाबा पलीकडच्या खोलींत आहेत याची खात्री करून घेऊन तिनें हलक्या आवाजांत चार ओळी म्हटल्या. सत्तर वर्षें तिनें त्या जपून ठेवल्या होत्या. त्या येथें छापण्याजोग्या नाहींत.