आजी-आजोबांना न विचारताच त्यांच्यासाठी अ‍ॅप? आहाराचं तंत्रज्ञान फसतं ते इथेच

काय खाल्लं ते फोनमध्ये टाका, कॅलरी आणि प्रथिनं लगेच समोर. अशी अ‍ॅप आता ढिगाने मिळतात. पण सत्तरीतल्या माणसाला ती वापरणं अनेकदा जड जातं आणि मग दोष वयाला दिला जातो. खरी गोची वेगळीच असू शकते : अ‍ॅप बनवताना त्या वयाच्या कुणाला विचारलेलंच नसतं.

प्रश्न किती मोठा?

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर १०० माणसांमागे जवळपास १० जण साठीपुढचे होते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८मध्ये 'लासी' ही देशव्यापी पाहणी झाली. तिच्यात साठीपुढच्या चौघांपैकी एकाहून अधिक जणांचं वजन गरजेपेक्षा कमी आढळलं. बाजारातली बरीच अ‍ॅप मात्र वजन घटवण्यासाठी बनलेली आहेत. म्हणजे ज्यांना दोन घास जास्त हवेत, त्यांनाच फोन 'आज जास्त झालं' असं सांगणार.

वय वाढतं तशी चव आणि तहान कमी जाणवते, स्नायू झिजतात, दात नसले की भाकरी-उसळ टाळली जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. ५५ किलो वजनाला हे सुमारे ४६ ग्रॅम होतात. चहा-बिस्किटांवर ते भागत नाही.

वाईतून पाहिलं तर?

मराठी विश्वकोशाचं काम जिथून चालतं, त्या वाईचंच उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातून कामासाठी मुंबई-पुणे गाठणारे खूप. समजा, मुलं तिकडे आणि घरी आजी-आजोबा दोघंच. अ‍ॅप विचारतं, 'डाळ किती ग्रॅम?' आजींचं माप वाटी, पळी आणि चिमूट. यादीत राजमा सापडतो, पण शेजारच्या कोरेगावचा, भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा सापडेलच असं नाही. एकादशीला 'जेवण चुकलं' असा इशारा येतो. नुसती अक्षरं मोठी करून यातलं काय सुटणार?

न विचारल्याचा फटका

२०२१मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅप इंग्रजीत आहे आणि दिलेले फोन त्याचा भार पेलत नाहीत, या त्यांच्या तक्रारी होत्या. तिथे प्रश्न लहान मुलांच्या पोषणाचा होता, पण धडा तोच : वापरणाऱ्याला आधी विचारा.

विचारायचं म्हणजे नेमकं काय?

या पद्धतीला 'सहभागी रचना' म्हणता येईल. १९७०च्या दशकात नॉर्वे-स्वीडनमध्ये कामगार संघटनांसोबत ती रुजली. कामाच्या जागी येणारे संगणक कसे असावेत, हे ठरवताना कामगारांचंही ऐकलं जावं, हा तिचा आग्रह.

आहाराच्या बाबतीत ती अशी वापरता येते :

• आधी घरी जाऊन पाहायचं. स्वयंपाक कोण करतं, बाजार कोण आणतं, फोन कुणाचा?
• कागदावर कच्चा आराखडा काढून ज्येष्ठांनाच खोडायला लावायचं.
• 'एक वाटी आमटी' असं बोलून नोंद होते का, ते त्यांच्याच मराठीत तपासायचं.
• ताटाची माहिती मुंबईतल्या मुलाला दिसावी का, हे आई-वडिलांनाच ठरवू द्यायचं. नाहीतर काळजीची पाळत व्हायला वेळ लागत नाही.

कधी उत्तर असंही येईल की अ‍ॅप नको, जेवायला सोबत हवी. तेही ऐकून घ्यायची तयारी असेल, तरच विचारण्याला अर्थ आहे.