‘रिप्लाय’ दाबल्यावर मेल जातो कुठे?

सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्यातल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटचे एक कोटी एक लाख रुपये भलत्याच खात्यांत जमा झाले. कंपनीच्या एका संचालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला होता, की अमुक खात्यांत लगेच पैसे भरा. पाठवणाऱ्याने आपण कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला आहोत असे भासवले होते. पैसे भरले गेले आणि मग उलगडा झाला, की पूनावाला यांनी असा कुठलाही निरोप धाडलेला नव्हता. बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला आणि बातमी देशभर झाली.

तो निरोप ई-मेलने आलेला नव्हता. पण नाव एकाचे आणि पलीकडे बसलेला माणूस दुसराच, ही फट ई-मेलमध्ये चाळीसहून अधिक वर्षे आहे. ती कुणाच्या हलगर्जीपणाने राहिलेली नाही. मेल एकाच्या नावाने यावा आणि त्याचे उत्तर दुसऱ्याकडे जावे, अशी तरतूद ई-मेलच्या नियमांत पूर्ण विचाराअंती केलेली आहे, आणि तिच्यावाचून आजची निम्मी कार्यालये अडून बसतील. मगरपट्ट्याच्या सायबरसिटीपासून औद्योगिक वसाहतीतल्या लहान वर्कशॉपपर्यंत हडपसरचा सगळा कारभार मेलवर चालतो. कोटेशन, पर्चेस ऑर्डर, इन्व्हॉइस, पगाराची स्लिप, सगळे मेलवर. तरीही ‘रिप्लाय’चे बटण दाबल्यावर पुढे नेमके काय घडते, हे यातल्या बहुतेकांना कधी कुणी समजावून सांगितलेले नसते.

मेल म्हणजे मुळात साधा मजकूर. वरती हेडरच्या ओळी, मग एक कोरी ओळ आणि तिच्याखाली आपण लिहिलेले पत्र. हेडरच्या प्रत्येक ओळीत आधी त्या ओळीचे नाव, पुढे अपूर्णविराम आणि मग माहिती. आपल्याला पडद्यावर यातल्या चार-पाचच ओळी दिसतात. प्रत्यक्षात साध्या दोन वाक्यांच्या मेलवरही अशा तीस-चाळीस ओळी सहज असतात.

सुरुवातीला या ओळींना काहीच शिस्त नव्हती. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेट या इंटरनेटपूर्व जाळ्यावर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर मेल पाठवून दाखवला आणि माणसाचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये ‘अ‍ॅट’चे चिन्ह बसवले. पण पाठवणाऱ्याचे नाव कुठे लिहायचे, तारीख कशी लिहायची, हे जो तो आपापल्या मनाने ठरवत असे. सप्टेंबर १९७३ मध्ये चौघांनी मिळून आरएफसी ५६१ नावाचा एक छोटा दस्तऐवज लिहिला आणि फ्रॉम, डेट व सब्जेक्ट या तीन ओळी ठरवून दिल्या. या चौघांत टॉमलिन्सन होतेच, पण पहिले नाव होते अभय भूषण यांचे. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडून ते एमआयटीत गेले होते, आणि ज्या एफटीपी पद्धतीवरून त्या काळचा मेल प्रवास करत असे तिचा पहिला आराखडाही १९७१ मध्ये त्यांनीच लिहिला होता. जगातल्या प्रत्येक मेलच्या माथ्यावर ज्या ओळी असतात, त्यांच्या घडणीत एका भारतीयाचा हात आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते याची मला खंत वाटते.

तीन ओळी असेतोवर प्रश्न सोपा होता. पत्र ज्याच्याकडून आले, उत्तर त्याला. पण कार्यालयातला पत्रव्यवहार इतका सरळ नसतो. हडपसरमधल्या एखाद्या शाळेचेच उदाहरण घ्या. सूचना मुख्याध्यापकांची असते. ती टाइप करून पाठवतो लिपिक. आणि पालकांची उत्तरे या दोघांपैकी कुणाच्याच खासगी पत्त्यावर न येता शाळेच्या कार्यालयाकडे यायला हवी असतात. म्हणजे लेखक एक, पाठवणारा दुसरा आणि उत्तर घेणारा तिसरा. डेव्हिड क्रॉकर यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिलेल्या आरएफसी ८२२ या नियमावलीत या तिघांसाठी तीन वेगळ्या ओळी आहेत. फ्रॉम म्हणजे ज्याचे पत्र तो, सेंडर म्हणजे ज्याने प्रत्यक्ष धाडले तो, आणि रिप्लाय-टू म्हणजे उत्तर जिथे हवे तो पत्ता.

रिप्लाय-टूची गरज का पडावी, याची कारणेही त्या नियमावलीत दिलेली आहेत. काही लेखकांकडे तेव्हा स्वतःची मेलपेटीच नसे, त्यांची उत्तरे दुसऱ्या कुणाच्या तरी पत्त्यावर मागवावी लागत. कधी उत्तराची जबाबदारी आणखी एखाद्या माणसावर सोपवायची असे. आणि कधी एखाद्या गटाची चर्चा चालू असे, जिच्यात प्रत्येक उत्तर सर्वांपर्यंत पोचायला हवे.

नियम त्यावरून ठरला, आणि पुढे २००१ व २००८ मध्ये नियमावली नव्याने लिहिली गेली तरी गाभा तोच राहिला. रिप्लाय-टूची ओळ असेल तर उत्तर तिथे. नसेल तर फ्रॉमच्या पत्त्यावर. सेंडरकडे उत्तर जात नाही. ‘रिप्लाय ऑल’ दाबले तर याच पत्त्यासोबत मूळ मेलच्या ‘टू’ आणि ‘सीसी’मधली मंडळीही येतात. बीसीसीमधली येत नाहीत, कारण ती नावे आपल्याकडे आलेल्या प्रतीत नसतातच. उलट बाजूने मात्र अडचण होते. ज्याला गुपचूप बीसीसीत ठेवले होते, त्यानेच ‘रिप्लाय ऑल’ केले, की आपल्यालाही प्रत आली होती हे तो स्वतःच सगळ्यांना कळवून बसतो.

या एका ओळीवर किती कामे उभी आहेत ते मगरपट्ट्यातल्या कुठल्याही सपोर्ट टीमला विचारावे. परदेशातल्या ग्राहकाने तक्रार केली, की त्याला कंपनीच्या नावाने पोच जाते. फ्रॉममध्ये कंपनीचे नाव असते, पण रिप्लाय-टूमध्ये असा पत्ता असतो ज्याच्या पोटात त्या तक्रारीचा, म्हणजे तिकिटाचा, क्रमांक गुंफलेला असतो. ग्राहक काही न पाहता रिप्लाय दाबतो. मेल त्या पत्त्यावर येतो, यंत्रणा क्रमांक वाचते आणि रात्रपाळीचा मुलगा घरी गेलेला असला तरी उत्तर बरोबर त्याच तिकिटाला जाऊन चिकटते. गृहनिर्माण सोसायट्यांनाही ही ओळ उपयोगी आहे. सेक्रेटरी बदलत राहतात, सोसायटीचा पत्ता तोच राहतो. सेक्रेटरींनी आपल्या जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘सेंड मेल अ‍ॅज’ इथे जाऊन उत्तराचा पत्ता म्हणून सोसायटीचा पत्ता एकदा भरला, की सभासदांची उत्तरे जुन्या सेक्रेटरींच्या खासगी मेलपेटीत अडकून पडत नाहीत.

आतापर्यंत माणसाने दिलेल्या उत्तराची गोष्ट झाली. यंत्राने दिलेले उत्तर दुसऱ्याच वाटेने जाते, आणि हा भाग मला सगळ्यांत देखणा वाटतो. सर्व्हर एकमेकांकडे मेल सोपवतात तेव्हा फ्रॉम आणि टू या ओळींच्या भरवशावर चालत नाहीत. टपालखात्याला पाकिटावरचा पत्ता पुरतो, आतल्या पत्राचा मायना वाचावा लागत नाही, तसेच हे आहे. कुणाकडून आणि कुणाला, हे सर्व्हर एकमेकांना वेगळे सांगतात. ही पद्धत जॉन पोस्टेल यांनी त्याच ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून ठेवली. शेवटचा सर्व्हर ते पाकीट फेकून देतो, पण त्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता ‘रिटर्न-पाथ’ नावाच्या ओळीत टिपून ठेवतो. पत्ता चुकला, मेलपेटी भरली, की ‘मेल पोचला नाही’ असा निरोप या रिटर्न-पाथवर जातो, रिप्लाय-टूवर नाही.

गणेशोत्सवात सुट्टीवर जाताना आपण लावतो ते ‘मी कार्यालयात नाही’चे स्वयंचलित उत्तरही नियमानुसार रिटर्न-पाथवरच जायला हवे. कारण उघड आहे. रिप्लाय-टूवर एखाद्या गटाचा पत्ता असेल, तर एका माणसाच्या सुट्टीची वर्दी शेकडो लोकांना जाईल. दोघेही सुट्टीवर असतील, तर दोन यंत्रे एकमेकांना रात्रभर उत्तरे देत बसतील. असे चक्र टाळण्यासाठीच न पोचल्याचा निरोप ज्या पाकिटातून येतो, त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता कोरा ठेवतात. ज्याला परतीचा पत्ताच नाही, त्याला यंत्र उत्तर देत नाही. एका कोऱ्या जागेने केवढी मोठी आपत्ती टळते!

हे सारे एकमेकांवर विश्वास असलेल्या लोकांच्या जाळ्यासाठी बनले. जाळे जगभर पसरले तेव्हा विश्वासाची जागा पडताळणीने घेतली. आज मेल आला की सर्व्हर तीन गोष्टी तपासतो. एसपीएफ पाहते, की पाकिटावर ज्या डोमेनचा, म्हणजे ‘अ‍ॅट’पुढच्या नावाचा, पत्ता आहे, त्याने या सर्व्हरला मेल पाठवण्याची परवानगी दिली आहे का. डीकेआयएम पाहते, की मेलवर एखाद्या डोमेनची खरी डिजिटल सही आहे का आणि वाटेत कुणी मजकुराला हात लावला का. डीमार्क पाहते, की या दोन्हींपैकी निदान एकातले डोमेन फ्रॉममधल्या डोमेनशी जुळते का. मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून हे सक्तीचे केले. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये आपल्या बँकांना ‘बँक डॉट इन’ या राखीव डोमेनवर यायला सांगितले, त्यामागेही खऱ्या-खोट्याची ओळख सोपी व्हावी हाच हेतू होता.

पण या तिन्हींपैकी एकही पडताळणी रिप्लाय-टूचा पत्ता कुणाचा आहे हे पाहत नाही. डिजिटल सहीमध्ये ती ओळ समाविष्ट करता येते, पण त्यातून एवढेच सिद्ध होते की ती वाटेत बदललेली नाही. आणि ती तपासून अडवताही येत नाही, कारण शाळा, सोसायटी, सपोर्ट टीम यांचा रिप्लाय-टू फ्रॉमपेक्षा वेगळा असतो तो रास्त कारणानेच.

चोरांनी नेमके हेच हेरले. औद्योगिक वसाहतीतला एखादा कारखाना जर्मनीतल्या गिऱ्हाइकाला सुटे भाग पाठवतो अशी कल्पना करू. चोराने दोघांपैकी एकाच्या मेलपेटीचा पासवर्ड मिळवलेला आहे. तो काही चोरत नाही, नुसता वाचत राहतो. कुठला माल निघाला, इन्व्हॉइस कितीचे, पैसे कधी येणार, पत्रात कोण कुणाला काय म्हणून संबोधतो. पैसे यायच्या बेताला तो गिऱ्हाइकाला एक मेल धाडतो, की ऑडिटमुळे आमचे खाते बंद आहे, सोबतच्या नव्या खात्यात रक्कम भरा. फ्रॉममध्ये कारखान्याचे नाव. रिप्लाय-टूमध्ये चोराचा पत्ता, कारखान्याच्या पत्त्याशी जुळ्या भावासारखा. इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की एम वाटतो, एवढा फरक पुरतो.

जर्मन गिऱ्हाईक भोळे नसते. त्याला शंका येते. ते रिप्लाय दाबून विचारते, ‘खाते खरेच बदलले आहे का?’ आणि तो प्रश्न जातो चोराकडे. चोर नम्रपणे, आधीच्या पत्रांच्याच भाषेत, खाते बदलल्याची खात्री देतो. शंका घेण्याचा शहाणपणा ज्या बटणातून बाहेर पडतो, तेच बटण वळवून ठेवलेले असते. कारखान्याला काहीच कळत नाही. महिन्याभराने तो पैशांची आठवण करतो, तेव्हा पलीकडून भरणा केल्याची पावती येते. मेलद्वारे होणाऱ्या या प्रकारच्या फसवणुकीत २०२३ या एका वर्षात सुमारे २९० कोटी डॉलर गेल्याची नोंद अमेरिकेच्या एफबीआयकडे आहे, आणि ही फक्त तिथे तक्रार झालेली रक्कम.

हेडर पाहणे अवघड नाही. संगणकावर जीमेल उघडा. पाठवणाऱ्याच्या नावाखालच्या लहानशा बाणावर क्लिक केले, की एक चौकट उघडते. तिच्यात फ्रॉम असते, रिप्लाय-टू असेल तर लगेच तिच्याखाली तीही असते, आणि पुढे ‘मेल्ड-बाय’ व ‘साइन्ड-बाय’ यांच्यासमोर डोमेनची नावे असतात. सगळे हेडर हवे असेल तर तीन ठिपक्यांच्या यादीत ‘शो ओरिजिनल’ आहे. तिथे वरच्या भागातच तिन्ही पडताळण्यांचा निकाल दिसतो. खालच्या गर्दीतल्या ‘रिसीव्ह्ड’च्या ओळी खालून वर वाचायच्या, कारण प्रत्येक सर्व्हर आपली नोंद आधीच्या नोंदीच्या वर करतो. मगरपट्ट्यातल्या एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर गेलेल्या मेलवरही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची घड्याळवेळ उमटलेली सापडते.

फोनवर मात्र यातले फारच थोडे दिसते, आणि आज कितीतरी मेल फोनवरच वाचले जातात. मेलचे प्रोग्रॅम बनवणाऱ्यांकडे माझे मागणे आहे, की उत्तराचे डोमेन फ्रॉमपेक्षा वेगळे असेल तेव्हा ‘पाठवा’च्या बटणाशेजारी तो पत्ता पुरता, ठळक अक्षरांत दाखवा. नाव दाखवून पत्ता झाकण्याची सवय स्वच्छ दिसते खरी, पण तिची किंमत हिशेब खात्यातल्या माणसाला मोजावी लागते. ते होईपर्यंत खाते बदलल्याचा मेल आला, की रिप्लाय दाबायचा नाही, मेलमधल्या क्रमांकावरही फोन करायचा नाही. जुन्या फायलीतला, आपण पूर्वी बोललो आहोत असा क्रमांक काढून माणसाशी बोलायचे. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर त्याच घटकेला तक्रार नोंदवायची. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात सरकत जाण्याआधी बँकेला ती गोठवता येते, आणि ती मुदत तासांत मोजायची असते.