सोळाव्या वर्षी गोंदताना

सातारा, सांगली, कोल्हापूर, बीड, कुठल्याही जिल्ह्यात पहाटे निघालं तर डांबरी रस्त्याच्या कडेने धावणारी मुलं दिसतात. अग्निवीर भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत कापता यावं म्हणून ती दोन-दोन वर्षं घाम गाळतात. अर्ज करायचं वय साडेसतराला सुरू होतं. त्याच्या आधीच, पंधराव्या-सोळाव्या वर्षी, जत्रेत किंवा तालुक्याच्या एखाद्या दुकानात दंडावर वाघ, छातीवर राजमुद्रा किंवा मानेवर कुणाचं तरी नाव काढून झालेलं असतं. लेखी परीक्षा निघते, मैदान निघतं आणि मुलगा मेडिकलला बाद होतो.

हा नियम लपलेला नाही. लष्कराच्या भरतीच्या जाहिरातीत तो छापलेला असतो. कायमचं गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतं. शरीरावर इतरत्र असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. आदिवासी समाजांतल्या मुलांना त्यांच्या रीतीप्रमाणे असलेल्या गोंदणासाठी सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांचा नियम याहून वेगळा आहे. तिथे धार्मिक चिन्ह किंवा नाव चालतं, पण ते डाव्या हाताच्या, म्हणजे सॅल्यूट न करणाऱ्या हाताच्या, आतल्या भागावर किंवा पंजाच्या मागे हवं आणि त्या भागाच्या पाव हिश्शाहून लहान हवं. उजव्या हातावरच्या धार्मिक गोंदणामुळे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने नाकारलेला महाराष्ट्रातला एक तरुण मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि जिंकलाही. पण गोंदणासाठी कोर्टाची पायरी चढणं किती घरांना परवडेल?

भरतीचं उदाहरण आधी घेतलं, कारण या विषयावर मुलांशी बोलताना आपण नेमकं असं काहीच सांगत नाही. मुलगी म्हणते, ‘आई, मला कानाला वरती अजून एक टोचून घ्यायचंय.’ मुलगा म्हणतो, ‘बाबा, सगळ्यांनी काढलाय टॅटू.’ उत्तर येतं, ‘आधी बारावी हो, मग बघू तुझी थेरं.’ बोलणं तिथेच संपतं. मुलाच्या मनातला विचार मात्र संपत नाही, तो फक्त घराबाहेर जातो. चांगल्या स्टुडिओत वयाचा दाखला मागतात आणि अठरा पूर्ण नसतील तर पालकांना सोबत आणायला सांगतात. म्हणून मूल जातं ते काहीच न विचारणाऱ्याकडे. तो स्वस्त असतो, घाईत असतो आणि सुई कुठली हे सांगायला बांधील नसतो. रागाने म्हटलेल्या ‘नाही’मुळे गोंदणं टळेलच असं नाही; ते जास्त धोक्याच्या हातात जाण्याची शक्यता मात्र वाढते. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत काळजीची गोष्ट वाटते.

‘आपल्यात असलं काही नसतं’ हेही खरं नाही. कपाळावर, हनुवटीवर, हातांवर हिरवट ठिपके आणि तुळस गोंदलेल्या आज्या अजून आपल्यात आहेत. बारशाच्या सुमारास बाळाचे कान टोचायला सोनार घरी यायचा. पुरुष भिकबाळी घालत, बायका बुगडी घालत, आणि या दोन्ही दागिन्यांसाठी कानाच्या वरच्या कडेलाच भोक लागतं. फरक निर्णयाचा आहे. आजीच्या हातावर काय गोंदायचं हे घरातल्या बायकांनी ठरवलं होतं. ती तेव्हा लहान होती, रडली असेल, पण ती खूण गावात सगळ्यांच्या हातावर होती आणि तिच्यामुळे पुढे कोणतंही दार बंद होणार नव्हतं. आजच्या मुलाला चित्र एकट्याने निवडायचं असतं, जागा एकट्याने ठरवायची असते आणि परिणामही एकट्याने भोगायचे असतात. मग निदान माहिती तरी त्याच्या हाताशी असायला नको का?

टॅटूची सुई त्वचेच्या वरच्या थरातून जाऊन साधारण एक ते दोन मिलिमीटर खाली, डर्मिस नावाच्या थरात शाई सोडते. वरचा थर सतत झडतो आणि नवा येतो, म्हणून मेंदी उतरते. डर्मिस तसा झडत नाही. शाईचे कण आत शिरले की शरीर त्यांना परकं समजतं आणि भक्षक पेशी ते गिळायला धावतात. हे कण त्यांना पचवता येत नाहीत. पेशी पोटात रंग घेऊन तिथेच बसतात आणि आपल्याला बाहेरून जे चित्र दिसतं ते बरंचसं या पेशींतूनच दिसत असतं. फ्रान्समधल्या मार्सेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की अशी पेशी मेली की तिचे कण मोकळे होतात आणि शेजारी आलेली नवी पेशी ते पुन्हा गिळते. टॅटू टिकतो तो या अखंड चाललेल्या देवघेवीमुळे. काही कण रसवाहिन्यांतून वाहत जाऊन काखेतल्या किंवा जांघेतल्या लसिका ग्रंथींत साठतात.

लेझरने टॅटू काढणं अवघड का, तेही यावरूनच समजतं. लेझर रंग पुसत नाही. अतिशय कमी वेळाच्या झोताने तो मोठ्या कणांचे बारीक तुकडे करतो आणि ते वाहून नेण्याचं काम शरीरावर सोडतो. एका बैठकीत हे होत नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका घ्याव्या लागतात. व्यावसायिक टॅटूला वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ लागू शकतो. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर निघतो, हिरवा आणि पिवळा हट्टी असतात. आपल्या सावळ्या त्वचेत आणखी एक अडचण आहे. त्वचेतला नैसर्गिक रंगही लेझर शोषून घेतो, त्यामुळे तिथे पांढुरका किंवा जास्त काळा डाग पडू शकतो. सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात आणि हे काम त्वचारोगतज्ज्ञाकडेच व्हायला हवं. टॅटू घालवायचा खर्च तो गोंदून घेण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट होतो. ‘नंतर नको वाटला तर काढून टाकू’ असं दुकानात सहज सांगितलं जातं. सांगणाऱ्याला यातलं काहीच करायचं नसतं.

शाईचाही प्रश्न आहे. आजीच्या गोंदणात काजळी होती आणि आजच्या काळ्या शाईतही मुख्यतः कार्बनच असतो. रंगीत शाईची गोष्ट वेगळी आहे. ॲलर्जी सर्वांत जास्त लाल रंगाची दिसते आणि ती काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही उद्भवते. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या चार हजारांहून अधिक रसायनांवर निर्बंध घातले. वयाचं म्हणाल, तर टॅटूसाठी किमान वय सांगणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. ब्रिटनने १९६९ सालीच कायदा करून अठरा वर्षांखालच्यांना टॅटू काढायला बंदी घातली. इथे तो लगाम घरालाच धरावा लागतो, म्हणून घरातलं बोलणं तुटता कामा नये.

सुईतून काय पसरतं हे मुलांना स्पष्ट सांगावं. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे तिन्ही विषाणू रक्तातून जातात आणि जत्रेत एकाच सुईने एकामागून एक हात गोंदले जात असतील तर धोका खरा असतो. बी प्रकारावर लस आहे, सीवर नाही. लसीकरणाचं जुनं कार्ड कपाटातून काढून हिपॅटायटिस बीचे डोस झालेत का हे पाहणं पाच मिनिटांचं काम आहे. धनुर्वाताचे डोस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यायचे असतात आणि सोळाव्या वर्षाचा हमखास राहून जातो. चांगल्या ठिकाणी सुईचं सीलबंद पाकीट गिऱ्हाइकासमोर फोडतात, नवे हातमोजे घालतात, शाई छोट्या टोपणांत ओतून घेतात आणि उरलेली फेकून देतात. पुन्हा वापरायची अवजारं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सिअसला, निर्जंतुक करतात. हे दाखवायला कुणी कुरकुरलं तर तिथून उठून यावं. गोव्याच्या सहलीत किनाऱ्याजवळच्या गल्लीत, मित्रांच्या आग्रहाने, समुद्रात डुंबायच्या दोन दिवस आधी टॅटू काढणं तर सगळ्याच बाजूंनी चूक आहे. जखम वरवर भरायला दोन ते चार आठवडे लागतात आणि तोवर खारं पाणी आणि कडक ऊन दोन्ही वर्ज्य.

टोचून घेण्याचा हिशेब निराळा आहे आणि पालकांनी दोन्हींना एकाच मापाने मोजू नये. कानाच्या मऊ पाळीचं भोक साधारण सहा ते आठ आठवड्यांत बरं होतं. नको झालं तर दागिना काढायचा, भोक हळूहळू आकसतं. सोळा वर्षांच्या मुलीला पाळीवर दुसरं भोक हवं असेल तर भांडण करण्यासारखं त्यात काय आहे, हे मला खरंच कळत नाही. नाकाच्या पाकळीला काही महिने लागतात. कानाची वरची कडक कड मात्र जपण्याची जागा आहे. तिथे कूर्चा असते आणि कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे जखम भरायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. त्यात स्यूडोमोनास जातीचा जिवाणू शिरला तर कूर्चा गळून कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. ब्यूटी पार्लरमधल्या बंदुकीने ही जागा कधीच टोचू नये. ती बंदूक बोथट खडा दाबाने आत घुसवते, कूर्चेला चिरडते आणि तिचे प्लॅस्टिकचे भाग ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाहीत. पोकळ, एकदाच वापरायची सुई हाच योग्य मार्ग. दागिना टायटॅनियमचा किंवा चांगल्या सोन्याचा हवा. स्वस्त धातूतल्या निकेलने खाज आणि पाणी सुटणं फार सर्रास घडतं. जिभेतल्या मण्याने दातांचे टवके उडतात आणि हिरड्या मागे सरतात, हे दंतवैद्य सांगतातच.

ज्यांच्या घरात कुणाला केलॉइड आहे, म्हणजे जखमेपेक्षा मोठा, टणक, वाढत जाणारा व्रण, त्यांनी जास्त विचार करावा. कानाची पाळी, छाती आणि खांदा या केलॉइडच्या आवडत्या जागा. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केलॉइडची प्रवृत्ती असलेल्या लोकांत दिसलं, की अकरा वर्षांच्या आत कान टोचलेल्यांत हा त्रास बराच कमी आणि त्यानंतर टोचलेल्यांत बराच जास्त होता. तान्ह्या बाळाचे कान टोचायची आपली रीत या बाबतीत शहाणी निघाली. जन्मजात हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या मुलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नये.

वेळ निवडण्याकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला कानातलं आणि चमकी घालून जाता येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये नाक टोचलं तर मेमध्ये परीक्षेच्या दिवशी चमकी काढावी लागणार, आणि कोवळं भोक काही तासांतच मिटायला लागतं. फुटबॉलच्या नियमात कुठलाच दागिना चालत नाही, त्यावर चिकटपट्टी लावूनही नाही. अठरा पूर्ण झाल्यावर कॉलेजच्या शिबिरात रक्तदान करायचं मनात असेल तर टॅटू किंवा पिअर्सिंगनंतर वर्षभर थांबावं लागतं.

टॅटूबद्दल माझं मत सरळ आहे. अठरापर्यंत नकोच. पण हे सांगताना मुलाच्या हाती काहीतरी करण्यासारखं द्यावं. चित्र निवडू दे, ते कागदावर छापून भिंतीवर लावू दे, मोबाईलच्या पडद्यावर वर्षभर ठेवू दे. लाल मेंदीने त्याच जागी काढून पाहू दे; दोन-तीन आठवडे आरशात, वर्गात, मामाच्या लग्नात ते कसं वाटतं हे कळतं. फक्त ‘काळी मेंदी’ नको. तिच्यात बऱ्याचदा केसांच्या कलपातलं पीपीडी हे रसायन असतं. त्याने फोड येतात आणि त्याची ॲलर्जी जन्मभर राहू शकते. भरतीला जायचा विचार असेल तर चालू जाहिरात मुलासोबत बसून वाचावी आणि गोंदणाचा परिच्छेद त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावा. व्यक्तीचं नाव कोरायचं असेल तर अठरानंतरही आणखी थांबायला सांगावं. एवढं करून एकोणिसाव्या वर्षी त्याला तेच चित्र हवं असेल तर आईने किंवा बाबांनी सोबत जावं आणि सुईचं पाकीट फुटताना पाहावं.

आणि एखाद्याने आधीच चोरून काही करून घेतलं असेल तर? पहिले दोन-तीन दिवस थोडी सूज आणि ठणका असतोच. त्यानंतरही लाली पसरत असेल, कानाची वरची कड गरम आणि टम्म झाली असेल, पू किंवा ताप असेल तर हळद-तेल लावत बसू नये आणि दागिनाही आपल्या मनाने उपसू नये, कारण भोक मिटून पू आत कोंडतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. कूर्चेचा संसर्ग वेळेत औषध मिळालं तर आटोक्यात येतो, उशीर झाला तर शस्त्रक्रियेपर्यंत जातो. जत्रेतल्या सुईची शंका असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगून रक्ताच्या चाचण्या करून घ्याव्यात. पहिली चाचणी निर्दोष आली तरी त्यांनी सांगितलेल्या तारखेला पुन्हा करावी, कारण हे विषाणू चाचणीत दिसायला काही आठवडे जावे लागतात. मुलाने घरी सांगितलं तरच हे होईल. म्हणून ज्या घरात त्याने येऊन सांगितलं, तिथे त्या दिवशी ओरडू नये. आधी दवाखान्यात न्यावं.