पाणभुताचं रूपांतर आणि शरीराचा हिशोब

आज आपण स्कँडिनेव्हियातल्या एका पाणभुताला जीवशास्त्राच्या परीक्षेला बसवणार आहोत. नॉर्वेत त्याला नोक्केन म्हणतात, स्वीडनमध्ये नेक्केन. तळी, ओढे, डोह ही त्याची वस्ती. कधी तो फिडल वाजवणारा देखणा तरुण असतो, कधी पाण्यावर तरंगणारा ओंडका, तर कधी पांढरा घोडा. एकेक मूल पाठीवर बसत जातं तशी या घोड्याची पाठ लांबत जाते, आणि मग तो सगळ्यांना घेऊन पाण्यात शिरतो. तिकडे कुमुदिनीच्या फुलाचं नावही याच्यावरूनच पडलंय. त्या फुलासाठी मुलांनी काठावरून हात लांबवू नये, हे वेगळं सांगायला नकोच.

आता हिशोब. घोडा 400 किलोचा धरू, तरुण 70 किलोचा. मग 330 किलो गेले कुठे? कुणी म्हणेल, पाणी सोडून दिलं असेल. चला, तेही मान्य करू. प्राण्याच्या शरीरात साधारण दोन-तृतीयांश पाणी असतं. सगळं पिळून काढलं तरी घोड्यात सव्वाशे किलोंहून जास्त कोरडा ऐवज उरतो: हाडं, स्नायू, चरबी. तरुणाला त्यातले पंचवीस किलोही पुरतात. बाकीचं ना जाळता येतं, ना क्षणात लपवता येतं.

तरीही निसर्गात रूप बदलणारे प्राणी आहेत. ऑक्टोपस डोळ्यांदेखत रंग बदलतो, कारण त्याच्या कातडीतल्या रंगाच्या इवल्या पिशव्या स्नायूंनी ताणल्या जातात आणि त्या स्नायूंना थेट मेंदूकडून आज्ञा मिळते. पण हा बदल फक्त कातडीचा. बेडकाच्या पिल्लाची शेपटी खरोखर विरघळते, तिचा माल शरीर पुन्हा वापरतं, आणि त्याला कित्येक दिवस लागतात. म्हणजे झटपट बदलायचं तर वरवरचं. आतून बदलायचं तर वेळ आणि माल, दोन्ही मोजावे लागतात. या नियमाने आपलं भूत ओंडक्याच्या सोंगात पास होतं. घोड्याच्या सोंगात मात्र साफ नापास!

पण त्याच तळ्यांत एक खरा रूपबदल्या राहतो आणि तो नियम पाळतो. तो म्हणजे युरोपीय ईल, आपल्या बाजारातल्या वाम माशाच्या गणातला. त्याचं पिल्लू इतकं वेगळं दिसतं की बराच काळ शास्त्रज्ञ त्याला निराळीच जात समजत होते. पारदर्शक, चपटं, विलोच्या पानासारखं. रक्तात तांबड्या पेशीही नसतात, म्हणून तर ते काचेसारखं दिसतं. 1896 मध्ये ग्रासी आणि कालान्द्रुच्चो या इटालियन शास्त्रज्ञांनी हे पान म्हणजे ईलचंच पिल्लू असल्याचं दाखवलं. गंमत बघा, 1904 साली थिओडोर किटेलसेनने डोहातून डोळे वर काढणाऱ्या नोक्केनचं ते प्रसिद्ध चित्र काढलं, आणि त्याच वर्षी योहानेस श्मिट या डॅनिश शास्त्रज्ञाला फेरो बेटांच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये हे पिल्लू सापडलं. पुढे वर्षानुवर्षं लहानात लहान पिल्लांचा माग काढत तो सारगासो समुद्रापर्यंत पोचला.

किनाऱ्याजवळ येताना हे पान गोल सळई होतं. या काळात ते खात नाही. अंगातला जेलीसारखा साठा जाळतं आणि चक्क आखूड होतं! बघा, हिशोब इथे जुळतो. मग नद्या-तळ्यांत पिवळसर ईल म्हणून ते बरीच वर्षं काढतं, कधी वीसहून जास्त. शेवटी आणखी एक बदल होतो. पोट रुपेरी होतं, डोळे मोठे होतात, खोल समुद्रातला निळा प्रकाश टिपण्याजोगे होतात. आतडं आक्रसतं. यापुढे अन्न नाही. साठवलेल्या चरबीवर पाच हजार किलोमीटरहून लांबचा एकमार्गी प्रवास, आणि वाटेतच अंडी किंवा शुक्र तयार करायचं.

अडचण इथेच आहे. ज्या प्राण्याने आपलं आतडंच मोडून टाकलंय त्याला वाटेत थांबायची सोय नाही, आणि वाटेत जलविद्युत धरणं आहेत. आखूड असता तर गोष्ट निराळी. एवढ्या लांब शरीराला टर्बाइनचं पातं लागण्याचा धोका मोठा. धरणांसोबत मासेमारी, परजीवी, प्रदूषण अशी इतरही कारणं आहेत. 1980 पासून किनाऱ्याला येणाऱ्या कोवळ्या ईलची संख्या कोसळली. उत्तर समुद्राकडे ती पूर्वीच्या सुमारे एका टक्क्यावर आली आहे. 2008 पासून ही जात 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे.

स्वीडनमध्ये काही नद्यांवर आता रुपेरी ईल धरणांच्या वर पकडतात, पाण्याच्या टाक्यांत घालून ट्रकने सगळ्यात खालच्या धरणापुढे नेतात आणि तिथे सोडतात. तिथून पुढचं पोहणं त्याचं त्याने करायचं.