लहान काचपेटीतील प्रवाळांची निगा

प्रवाळ हे पाहणाऱ्यास झुडुपासारखे किंवा रंगीत दगडासारखे दिसते; परंतु ती वस्तुतः प्राण्यांची वसाहत होय. प्रत्येक प्रवाळजीव लहानशा पिशवीसारखा असून त्याच्या तोंडाभोवती स्पर्शिकांचे कडे असते. समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन तो आपल्याखाली चुनखडीचा सांगाडा रचीत जातो. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवले वस्तीस असतात. ही शैवले प्रकाशात अन्न तयार करतात व त्याचा मोठा वाटा प्रवाळास देतात. मोबदल्यात प्रवाळाच्या शरीरातील टाकाऊ नत्र, स्फुरद आणि कर्बाम्ल वायू त्यांस मिळतो. ही भागीदारी टिकली तर प्रवाळ वाढते; मोडली तर ते उपासमारीने मरते. काचपेटीतील प्रवाळाची निगा म्हणजे या भागीदारीची निगा होय.

कायद्याचे बंधन

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे जरूर आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला. कठीण सांगाड्याची सर्व प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे व समुद्रपंखे यांस वाघाइतकेच संरक्षण आहे. ती समुद्रातून काढणे किंवा त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा असून त्यास किमान तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे. यास्तव मालवण वा रत्नागिरीच्या खडकांवरून आणलेला तुकडा, तो कितीही लहान असो, घरच्या पेटीत ठेवू नये. आपल्या देशात कोणतेही प्रवाळ विकत घेण्यापूर्वी वनविभागाकडे लेखी चौकशी करावी. परदेशांत, जेथे कायद्याने परवानगी आहे तेथे, पेटीतच वाढविलेल्या प्रवाळांचे तुकडे मिळतात. उसाच्या बेण्याप्रमाणे एका प्रवाळाचे अनेक तुकडे करून प्रत्येकापासून नवी वसाहत वाढविता येते. त्यामुळे समुद्रास हात लावावा लागत नाही. तेथे राहणाऱ्या मराठी शौकिनांनी असेच तुकडे घ्यावेत.

पेटी लहान, चूक मोठी

लहान पेटी सांभाळण्यास सोपी असा समज आहे. तो बरोबर नाही. समुद्रात पाणी अफाट असल्याने बदल सावकाश होतात. पेटीत ते काही तासांत होतात. ६० लिटरच्या पेटीतून ३ लिटर पाण्याची वाफ झाली, तर मीठ मात्र पेटीतच राहते आणि क्षारता हजारी ३५ वरून जवळजवळ ३७ वर जाते. म्हणून वाफेने गेलेले पाणी रोज भरून काढावे, व ते गोडे पाणीच असावे. खारे पाणी घातल्यास क्षारता वाढतच जाईल. नळाच्या पाण्यात क्लोरीन, आणि जुन्या नळांत तांब्याचा अंश असू शकतो. तांबे प्रवाळांस अल्प प्रमाणातही विषारी असल्याने आरओ यंत्रातून गाळलेले पाणीच वापरावे. क्षारता हजारी ३५, म्हणजे २५ अंश तापमानास विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ राखावे.

खारे पाणी करताना लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम सागरी क्षारमिश्रण घ्यावे, ते एक दिवस आधी ढवळून ठेवावे व मोजूनच पेटीत घालावे. बंदरालगतचे पाणी वापरू नये. पावसाळ्यात तर नद्यांच्या पुरामुळे किनाऱ्याचे पाणी पातळ व गढूळ झालेले असते. दर आठवड्यास एक दशांश पाणी बदलण्याचा नेम ठेवावा.

नवी पेटी मांडल्यावर लगेच प्रवाळ सोडू नये. सच्छिद्र खडकांवर जिवाणूंची वस्ती होऊन अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट होऊ लागण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. जमिनीत शेणखत कुजण्यास वेळ द्यावा लागतो, तसाच हा प्रकार आहे.

उष्णता, प्रकाश आणि प्रवाह

पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस असावे. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एक अंश अधिक उष्णता काही आठवडे टिकली, तरी प्रवाळ आपल्या पेशींतील शैवले बाहेर टाकते आणि पांढरे पडते. उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास बाष्पीभवनामुळे तापमान दोनतीन अंश उतरते. दमट हवेत मात्र हा उपाय कमी पडतो व शीतयंत्र लागते. वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंप तयार ठेवावा. पाण्याची हालचाल थांबताच प्राणवायू घटू लागतो.

प्रकाश रोज आठ ते दहा तास, ठराविक वेळी द्यावा. निळ्या छटेचा एलईडी दिवा यास उपयुक्त ठरतो. नवे प्रवाळ प्रथम तळाशी, मंद प्रकाशात ठेवून दोनतीन आठवड्यांत वर न्यावे. सावलीतील रोप एकदम उन्हात लावल्यास करपते, तसेच येथेही होते. प्रवाह जोरदार पण दिशा बदलणारा असावा. दोन जातींमध्ये १० ते १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे, कारण काही प्रवाळे रात्री लांब स्पर्शिका सोडून शेजाऱ्यास दंश करतात.

चुना व विम्लता

कठीण प्रवाळे वाढू लागली की पाण्यातील कॅल्शियम व विम्लता दोन्ही घटतात. कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम व विम्लता ७ ते ११ जर्मन अंश असावी. सामू ८.० ते ८.४ असावा. लहान पेटीस स्वस्त उपाय म्हणजे चुन्याची निवळी होय. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड गोड्या पाण्यात कालवून गाळ बसू द्यावा व वरची निवळी वाफेच्या भरपाईऐवजी रात्री थेंबथेंब सोडावी. रात्री शैवलांचे काम थांबून सामू उतरतो. निवळीने तो सावरतो. निवळी अतिशय दाहक असल्याने एकदम ओतू नये व डोळ्यांस जपावे. बांधकामाचा किंवा पानाचा चुना वापरू नये. विम्लता एका दिवसात एका अंशापेक्षा अधिक बदलू देऊ नये.

नत्र, स्फुरद आणि रंग

प्रवाळाचा तपकिरी रंग शैवलांचा असतो. हिरवा, गुलाबी व निळा रंग प्रवाळाच्या स्वतःच्या प्रथिनांचा असतो. शेतकऱ्यास नत्राने पीक हिरवेगार होते हे ठाऊकच आहे. पेटीतही नत्र-स्फुरद वाढले की शैवले माजतात आणि मूळ रंग तपकिरीखाली झाकले जातात. उलट दोन्ही अगदी संपले, तर शैवले उपाशी राहून प्रवाळ फिके पडते. नायट्रेट लिटरमागे २ ते १० मिलिग्रॅम व फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम असावे. यासाठी मासे एकदोनच व लहान ठेवावेत आणि खाद्य मोजून द्यावे.

लक्षणे ओळखण्यास पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात. प्रवाळ तपकिरी झाले, तर अन्नद्रव्ये जास्त किंवा प्रकाश कमी समजावा. फिके पडले, तर उष्णता, अति प्रकाश किंवा अन्नाची उणीव तपासावी. बुडापासून मांस सुटू लागले, तर प्रथम विम्लता मोजावी. मोजल्याशिवाय औषध घालू नये, आणि एका वेळी एकच बदल करावा.

पेटीतून समुद्राकडे

पेटीत जे एका आठवड्यात घडते, तेच किनाऱ्यावर काही वर्षांत घडते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात प्रवाळे आहेत. तेथे १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. विजयदुर्गापासून पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवरही प्रवाळांची मोठी वस्ती आहे. १९९८, २०१० व २०१६ साली जगभर समुद्र तापून प्रवाळे पांढरी पडली. समुद्राची उष्णता एकट्या गावास आवरता येत नाही. परंतु शेतातून वाहून जाणारी माती व खत गावास आवरता येते. उतारावर बांध घालणे, भर पावसात खत न टाकणे आणि ओढ्याकाठी झाडोरा राखणे यांमुळे जमिनीचा कस शेतात राहतो व समुद्राचे पाणीही स्वच्छ राहते. पेटीतील एक प्रवाळ जगविण्यास किती जपावे लागते हे ज्यास समजले, तो समुद्रातील प्रवाळ सहसा तोडणार नाही.