गिरमिटियांची नावे व प्रस्थानपत्रे

१८७९ ते १९१६ ह्या काळात सुमारे ६०,००० भारतीय मजूर करारबद्ध होऊन फिजी बेटांत गेले. ह्या कराराला, म्हणजे 'ॲग्रीमेंट'ला, ते 'गिरमिट' म्हणत. (आपल्या सुताराच्या गिरमिटाशी ह्या शब्दाचे नाते नाही.) त्यांच्या वंशजांस पूर्वजांचे गाव शोधावयाचे झाल्यास मुख्य आधार म्हणजे 'एमिग्रेशन पास', अर्थात प्रस्थानपत्र. ही पत्रे सुवा येथील फिजीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पत्रावर जहाज व क्रमांक, नाव, पित्याचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, जवळचा नातलग आणि अंगावरील खुणा इतका तपशील असतो. ब्रिज लाल ह्यांनी कलकत्त्याहून गेलेल्यांच्या ४५,४३९ पत्रांचा अभ्यास करून १९८३ मध्ये 'गिरमिटियाज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

परंतु शोधकाची खरी अडचण नावांपाशी सुरू होते. मजुराने अवधी वा भोजपुरी वळणाने नाव उच्चारावे, कारकुनाने ते कानाला जसे आले तसे रोमन अक्षरांत लिहावे, अशी ही नोंद. रोमन लिपीत त आणि ट, द आणि ड ह्यांचा भेद उरत नाही. महाप्राण तर कारकुनाच्या मर्जीवर. शिवाय बोलीत 'विश्वनाथ'चा 'बिसनाथ' आणि 'लक्ष्मण'चा 'लछमन' होतो. त्यामुळे शुद्ध संस्कृत रूप मनात धरून सूची चाळणारा नातू आजोबांच्या नावावरून नजर फिरवून पुढे जातो. फिजीत तर आजोबांचे हे एकेरी नावच पुष्कळदा कुटुंबाचे आडनाव झाले आहे. म्हणून आधी नाव मोठ्याने उच्चारून पाहावे, मग त्याची शक्य तितकी रोमन रूपे लिहून काढावीत. जहाज व क्रमांक हाती असल्यास मात्र नावाच्या वाटेस जाण्याचे कारणच नाही. घरातील जुने कागद प्रथम तपासावेत ते ह्यासाठीच.

गावाच्या बाबतीतही सावधगिरी हवी. पत्रावर नोंदणीचे ठिकाणही असते, आणि पुष्कळांची नोंदणी स्वतःच्या जिल्ह्याबाहेर झाली होती. ते ठिकाण घर समजू नये. बस्ती जिल्ह्यातून फार मोठ्या संख्येने लोक गेले; पण त्या जिल्ह्यातून १९८८ मध्ये सिद्धार्थनगर आणि १९९७ मध्ये संत कबीर नगर वेगळे झाले. तेव्हा पत्रावर 'बस्ती' असले तरी ठाण्याचे नाव घेऊन ह्या दोन्ही जिल्ह्यांतही गाव शोधावे.