गृहसंगणक कार्ट्रिज : दुर्मिळतेची पारख

गृहसंगणकाच्या खाचेत बसविण्याची, आज्ञावली कायमची नोंदलेली चिप असणारी प्लॅस्टिकची पेटिका. १९८० च्या सुमाराच्या अशा कार्ट्रिजांचे संग्राहक आता अनेक आहेत.

जुनेपणा म्हणजे दुर्मिळता नव्हे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीच्या टीआय-९९/४ए (१९८१) या संगणकावरील ‘पार्सेक’ (१९८२) हा खेळ मोठ्या संख्येने विकला गेला व तो आजही सहज मिळतो. कंपनीने २८ ऑक्टोबर १९८३ रोजी गृहसंगणकांचा व्यवसाय सोडत असल्याचे जाहीर केले. त्या सुमारास येऊ घातलेली काही कार्ट्रिजे थोडीच विकली गेली, तर काही नमुन्यापलीकडे गेलीच नाहीत. म्हणून प्रकाशनाचा काळ हा विक्रेत्याच्या ग्वाहीपेक्षा अधिक बोलका असतो. किंमतीवरून मागणी कळते, संख्या नव्हे.

खरी अडचण नकलांची. वरचे लेबल कोणालाही छापता येते. चिपच पाहावी लागते. तिच्यावर बहुधा चार अंकी संकेत असतो, उदा., ८३२५ म्हणजे १९८३ चा २५ वा आठवडा. चिपवर पारदर्शक खिडकी असल्यास ती जंबुपार (जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरणांनी पुसून पुन्हा लिहिता येणारी होय. अशी चिप नकलेत आढळते, तशीच अस्सल नमुन्यातही. शिवाय तिच्यावरील संकेत चिपच्या निर्मितीचा असतो, आज्ञावलीच्या नोंदणीचा नव्हे. त्यामुळे केवळ तिच्यावरून निर्णय देणे धाडसाचे ठरते. खिडकीवरील चिकटपट्टी मात्र काढू नये. प्रकाशाने नोंद पुसली जाऊन एकमेव प्रत नष्ट होण्याचा संभव असतो.